मिरची-भजी कोणाची?

आमच्या गल्लीतील देवीची जत्रा तीन दिवसांची. पालखी, ओटी, गाऱ्हाणी हे सारे देवळाच्या आवारात. परंतु खरी गर्दी बाहेर, कढयांभोवती. एका कढईत जिलबी, दुसरीत मिरची-भजी, शेजारी चुरमुऱ्यांचा ढीग. डॉक्टरांनी मला तळलेले वर्ज्य सांगितले आहे. जत्रेचे तीन दिवस मी ते सोयीस्करपणे विसरतो. भजीवाल्या मावशीही ओळखतात. "बर्री मास्तर, बसा की!" एकाच वाक्यात कानडी आणि मराठी, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

गेल्या वर्षी मात्र याच गाड्यासमोर आमच्या नववीतील दोन मुले हातघाईवर आली. वाद काय, तर मिरची-भजी मराठी लोकांची की कानडी लोकांची! दुसऱ्या दिवशी दोघेही माझ्या खोलीत उभे होते. एकाचा शर्ट फाटलेला, दुसऱ्याचा ओठ सुजलेला. छडी उगारणे सोपे होते. पण घरात मोठी माणसे जे बोलतात, तेच मुलांच्या मुठीत आले होते. मी इतिहास शिकवतो. म्हणून त्यांना इतिहासच सांगितला.

मिरची मुळात ना तुझी, ना त्याची. ती अमेरिकेची. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचला आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. गोवा त्यांनी १५१० मध्ये जिंकला होता. त्यापूर्वी आपल्याकडे तिखटपणा होता तो प्रामुख्याने मिऱ्यांचा. म्हणून मराठीने या पाहुणीला मिऱ्यावरून 'मिरची' म्हटले. कानडीत मिऱ्याला 'मेणसु'. तिनेही त्यावरून 'मेणसिनकाई' केले. दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता एकच युक्ती केली! बटाटा आणि पाव हे शब्दही पोर्तुगीजच; जिलबीचे नाव तर अरबीतून आले.

मग भजी तरी कोणाची? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याचे कल्याण म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. या ग्रंथात हरभऱ्याच्या पिठात मसाला घालून तेलात तळलेल्या पूरिकांचे वर्णन आहे. आणि त्याच ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशीही नोंद आहे. कानडी मुलखातील राजाने आपल्या ओवीची दखल घेतली, ती पक्वान्ने वर्णिली त्याच ग्रंथात.

वाचकहो, गैरसमज नको. १९५६ च्या १ नोव्हेंबरला आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला, त्याची सल मला आहे. २००४ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यावर माझे मत ठाम आहे. मराठी शाळेचा पट टिकावा म्हणून दर उन्हाळ्यात मी घरोघर फिरतो. मराठीचा आग्रह मी सोडणार नाही. पण त्या आग्रहासाठी खोटा पुरावा मुलांच्या हाती देणे हे इतिहासाच्या मास्तरला शोभत नाही. खरी बाजू असेल, तिला खोट्या साक्षीदाराची गरज पडू नये.

जत्रेच्या शेवटच्या संध्याकाळी दोघांना घेऊन मी मावशींच्या गाड्यावर गेलो. कागदावर चुरमुरे, त्यावर गरम भजी. पहिल्याच घासाला दोघांच्याही नाकातोंडातून पाणी आले. एकाने तांब्या दुसऱ्यापुढे सरकवला. माफीबिफी कोणी मागितली नाही. मीही मागायला लावली नाही.

"मास्तर, अजून दोन घालू काय?" मावशींनी विचारले.

मी डॉक्टरांना आणखी एक दिवस विसरलो.