पाहुण्यांचा परिचय, रानड्यांची व्याख्यानमाला आणि आपलं ओतूर

१८७५ चा मे महिना. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. इतिहास, अर्थकारण, समाजसुधारणा, विषय कुठलाही असो, जाणत्या माणसानं उभं राहावं, बोलावं, लोकांनी ऐकावं. आणि याच महिन्यात, १२ तारखेला, याच पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली, कर्जखतं जाळली. ते लोण आपल्या शेजारच्या शिरूरपर्यंत आलं. एका ठिकाणी शेतकऱ्याच्या दारिद्र्यावर बोलणारी विद्वान मंडळी, दुसऱ्या ठिकाणी तो दरिद्री शेतकरी स्वतः. दोघांची गाठ काही पडली नाही.

हे मी रानड्यांना कमी लेखायला सांगत नाही. त्यांचा तो उपक्रम आजही चालू आहे, आणि महाराष्ट्रात गावोगाव ज्या व्याख्यानमाला होतात त्यांची वाट तिथूनच निघते. शिवाय त्याच वर्षी रानड्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी स्वामी दयानंदांना पुण्यात आणलं. त्यांची पंधरा व्याख्यानं झाली. शेवटी मिरवणूक निघाली तेव्हा विरोधकांनी गाढव सजवून उलटी मिरवणूक काढली, चिखलफेक झाली. अशा वेळी स्वामींच्या बाजूनं रस्त्यावर उतरले ते जोतिराव फुले आणि त्यांचे सत्यशोधक. गंमत बघा, वेद ईश्वरी आहेत हे दयानंदांचं मत फुल्यांना मुळीच मान्य नव्हतं. पण माणसाला बोलू दिलं पाहिजे, एवढं मान्य होतं.

मग प्रश्न येतो, खुद्द फुल्यांचा परिचय व्यासपीठावर कसा करून द्यायचा?

याचं उत्तर त्यांनी स्वतःच देऊन ठेवलंय. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढं त्यांनी निवेदन दिलं. शाळा काढून तेव्हा तीसेक वर्षं झाली होती, पुस्तकं छापून झाली होती. पण नावापुढं त्यांनी लिहिलं काय, तर व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. ग्रंथकार नाही, समाजसुधारक नाही. पोट ज्यावर चालतं ते आधी, आणि गावाचं जे काम अंगावर आहे ते नंतर.

१८८५ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. आज आपण ज्याला अखिल भारतीय साहित्य संमेलन म्हणतो त्याची ही सुरुवातीची बैठक. पहिली १८७८ ला झाली होती. रानड्यांनी फुल्यांना बोलावलं. फुल्यांनी पत्र लिहून नकार कळवला, आणि ते पत्र ‘ज्ञानोदय’मध्ये छापूनही आलं. मुद्दा साधा होता: जे लोक सगळ्यांचे मानवी हक्क उघडपणे मान्य करत नाहीत, त्यांच्या सभेत आणि त्यांच्या पुस्तकांत आमच्या माणसांचं सुखदुःख येणार कुठून? काही जण याला हेकटपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही, कारण दोन वर्षांपूर्वीच त्यांनी स्वतःची सभा भरवून झाली होती. आणि ती आपल्याकडं भरली होती!

१८८३ ला ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण झाला. ‘दीनबंधु’नं पहिली दोन प्रकरणं छापली आणि हात आखडता घेतला. फुल्यांच्या हयातीत तो पूर्ण पुस्तकरूपानं आलाच नाही. पण छापण्याची वाट बघत ते बसले नव्हते. मुंबई, पुणे, ठाणे, हडपसर या ठिकाणांबरोबर जुन्नर आणि ओतूरलाही त्यांनी तो लोकांना वाचून दाखवला, आणि प्रस्तावनेत या गावांची नावं नोंदवली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी ऐकला हे ज्या प्रस्तावनेत आहे, त्याच प्रस्तावनेत आपलं ओतूर आहे.

ओतूरच का, तर इथं माणसं तयार होती. भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे हे ओतूरचे, फुल्यांचे सहकारी. भटजीशिवाय लग्न लावायचं धाडस जुन्नर तालुक्यात झालं, गावच्या जोशानं आपल्या हक्काच्या दक्षिणेसाठी कोर्ट गाठलं आणि तो वाद थेट मुंबई हायकोर्टात गेला. असल्या गावात असूड वाचताना ऐकणाऱ्यांना विषय समजावून सांगावा लागला नसणार. विषय तेच होते.

आणखी मागं जायचं तर आपल्या लेण्यांत जा. जुन्नरच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांचे परिचय कोरलेत. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी, काशाची भांडी घडवणाऱ्यांची श्रेणी, धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी. इरिल नावाच्या यवनानं दोन पाण्याची टाकी दिली, हेही तिथंच. बुरूड, कासार आणि परदेशी माणूस, सगळ्यांची नोंद एकाच दगडी रांगेत, आणि प्रत्येकाची ओळख त्याच्या कामानं नाहीतर कुळानं.

आता आजचं बोलतो. आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या कॉलेजांत विद्यापीठाची जयकर व्याख्यानमाला होते, अधूनमधून परिषदा होतात, आणि वक्त्यांचा परिचय करून द्यायचं काम बऱ्याचदा माझ्याकडं येतं. मध्ये एका शेतीविषयक परिषदेची पत्रिका हातात पडली. प्रत्येक वक्त्यापुढं चार-चार ओळी पदव्या. सगळ्यात शेवटी एक नाव, पुढं एकच शब्द: शेतकरी. वेळ दहा मिनिटं, जेवणाच्या सुट्टीला लागून. म्हणजे ती दहाही मिळणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक.

या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचं नाव आहे. फुले गेल्यावर १८९३ साली सासवडला सत्यशोधक परिषद भरली तेव्हा अध्यक्षस्थानी त्याच होत्या.

म्हणून यंदा मी आयोजकांपुढं दोन गोष्टी ठेवल्यात. पहिली, परिचय सगळ्यांचा सारखाच: नाव, गाव, काय काम करता आणि किती वर्षं. खोडदच्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचा तोच, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं क्रेट घेऊन पहाटे उभ्या राहणाऱ्याचा तोच. दुसरी, आहुप्याच्या बाजूला हिरडा गोळा करणाऱ्या बायांपैकी कुणीतरी भावाबद्दल बोलावं, आणि त्यांना सकाळचं पहिलं सत्र द्यावं. पहिल्या गोष्टीला लगेच होकार मिळाला. दुसरीवर अजून ‘बघू’ चाललंय. तालुक्यातल्या ज्यांना हे पटतंय त्यांनी आपापल्या कॉलेजच्या प्राचार्यांना जाऊन भेटा, पत्रिका छापायला जायच्या आत.