साहेब, पाचगणीला बिऱ्हाड थाटायचंय?

आरशात बघा. नाक उन्हानं सोललेलं, मिश्या पांढऱ्या झालेल्या, मानेवर कॉलर काचून पडलेला लाल वळ. हा चेहरा तुमचा नाही, पण पुढचे काही महिने तुम्हाला तोच वागवायचा आहे. साल 1870च्या आसपासचं. मुंबई इलाख्याच्या नोकरीत तीस वर्षं घासून तुम्ही पेन्शनीत निघाला आहात. गुडघे कुरकुरतात, हिवतापानं प्लीहा वाढलेली आहे, लोकरी कोटाला कापराचा वास येतोय. शरीर साहेबाचं असलं तरी कान मात्र तुमचेच आहेत, पक्के मराठी. ते सांभाळा. त्यांचा फार उपयोग होणार आहे.

विलायतेला परत का जात नाही, असं कुणी विचारलं तर लाजू नका. तुमची नोकरी खालच्या दर्जाची, बिनसनदी, म्हणून पेन्शन रुपयांत. आज साधारण 10 रुपयांना एक पौंड पडतो. शतक संपेपर्यंत 15 मोजावे लागणार आहेत. तिकडे या पैशात दोन खोल्या आणि कोळशाची काटकसर, इकडे बंगला, बाग आणि घोडा. दीडशे वर्षांनंतरचे इंग्रज पेन्शनर सायप्रसला किंवा माल्टाला जाऊन राहतात ते असाच हिशेब करून: ऊन हवं, खर्च झेपायला हवा आणि आपली भाषा समजणारी चार माणसं जवळ हवीत.

सामान बैलगाड्यांवर आधीच पुढे गेलंय. पुण्यापर्यंत रेल्वे, तिथून पुढे टांगा. उन्हाळ्यात दिवसा निघायचं नाही, एवढं पाळा. संध्याकाळी निघून कात्रजचा घाट ओलांडा, शिरवळला नीरा उतरा आणि खंबाटकीची चढण झोपेतच पार होऊ द्या. पण झोप कसली येतेय? टप्प्याटप्प्यावर घोडे बदलतात. दर वेळी कंदिलाचा उजेड तोंडावर येतो, घामेजलेल्या जनावरांचा वास, ओल्या गवताचा वास, चामड्याच्या पट्ट्यांची करकर. दातांत धूळ कचकचते.

पहाटे वाई. इथे उतरा आणि पाय मोकळे करा. कृष्णेचं पाणी उन्हाळ्यानं आटलंय, पण घाटाच्या पायऱ्यांवर माणसं मावत नाहीत. राखेनं घासलेली पितळी भांडी खणखणतायत, धुणी आपटली जातायत, ढोल्या गणपतीच्या देवळातली घंटा थांबतच नाही. जवळच्या रानात हळद शिजत असावी. तो मातकट, तिखटसर वास चुलीच्या धुरात मिसळून थेट घशात उतरतो. तुमच्याभोवती पोरं जमतात. एक बाई दुसरीला म्हणते, "आणि एक म्हातारा चालला बघ वर, हवा खायाला." तुम्ही हसता. ती दचकते. साहेबाला कळलं की काय!

आता पसरणीचा घाट. घोडे पायाखाली बघत चढतात, टांगेवाला कधी खाली उतरून लगाम धरतो, कधी शीळ घालतो. पहिल्या वळणांवर उघडा, तापलेला कातळ आहे, आणि त्याची धग तळव्यांना बुटातूनही जाणवते. मग एका वळणावर वारा बदलतो. हे सांगून पटायचं नाही. ते कातडीलाच कळतं. मानेवरचा घाम गार पडतो, श्वास छातीत खोल उतरतो. टांगेवाला मोतद्दाराला हळूच विचारतो, "म्हातारा टिकंल का रं वर?" मोतद्दार तुमच्याकडे एकदा निरखून बघतो. "उन्हाळ्यात समदेच टिकत्यात. पावसात बघू."

त्याचं बोलणं मनावर घ्या. जागा निवडताना बहुतेक साहेब फसतात ते इथेच. एप्रिलमधलं महाबळेश्वर बघून भुलायचं नाही. तिथे गव्हर्नर येतात, बँड वाजतो, सगळी गंमत तिथे. पण जून लागला की बंगल्यांना गवताच्या ताट्या बांधून मंडळी डोंगर उतरतात. तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. सांधे दुखणाऱ्या माणसाला तिथे बारा महिने काढणं शक्य नाही. पाचगणी तिथून अवघी अठरा किलोमीटर, पण त्याच डोंगराच्या आडोशाला. ढग आपलं बहुतेक ओझं महाबळेश्वरावर रिकामं करतात आणि इथे पोचेपर्यंत पाऊस फार तर तिसऱ्या हिश्श्यावर आलेला असतो. उंची जेमतेम तेराशे मीटर. थंडी शेकोटी पेटवण्यापुरती, ऊन डोक्यावर टोपी घालण्यापुरतं.

हे हेरलं जॉन चेसन यांनी. मुंबईच्या रुस्तमजी दुबाश यांच्याबरोबर हे डोंगर पालथे घालून त्यांनी दांडेघर, गोडवली, आंब्राळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधली जागा निवडली, आणि 1860च्या दशकात या वसाहतीची देखरेख त्यांच्याकडे आली. त्यांनी आणून लावलेले सिल्व्हर ओक अजून तुमच्या खांद्याएवढेसुद्धा नाहीत. हात लावून बघा, पानांची मागची बाजू चंदेरी आहे. पण चेसन यांचं खरं शहाणपण झाडांत दिसत नाही. त्यांनी शिंपी, परीट, खाटीक, भाजीवाले, घरं बांधणारे यांना बोलावून आणलं आणि बाजाराच्या खाली त्यांना राहायला जागा नेमून दिली. ते गावठाण. हवा देवानं दिली होती, पण नुसत्या हवेवर पेन्शनर जगत नाही.

म्हणून बंगला बघायच्या आधी गावठाणात चला. चढउतार जपून करा. खाटकाच्या फळीवर माश्या, शेजारी निखाऱ्यांनी भरलेली शिंप्याची इस्त्री, कोपऱ्यात जांभा दगड तासणाऱ्याची ठकठक, तांबड्या धुळीनं माखलेले त्याचे केस. वाटाणे आणि बटाटे विकणारा टोपली पुढे सरकवतो. महाबळेश्वरात 1864 पर्यंत चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. ते कैदी बटाटा आणि विलायती भाज्या पिकवायचे. पाटीतला बटाटा उचलून वास घ्या. अजून माती ओली आहे. घासाघीस करा, पण फार नको. हाच माणूस श्रावणात चिखल तुडवत तुमच्या दारी येणार आहे.

आता बंगला. भिंती जांभ्याच्या आणि जाड हव्यात. जोतं उंच हवं. पश्चिमेकडून वारा येतो, तेव्हा व्हरांडा पूर्वेला घ्या. सकाळचं ऊन हाडांना लागतं आणि संध्याकाळचं धुकं बाहेरच राहतं. चुलखंडाचं धुराडं पेटवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, नाहीतर पहिल्या पावसात धूर सगळा खोलीत कोंडेल. आणि पाणी कुठून येतं ते विचारा. येतं ते बैलाच्या पाठीवरच्या पखालीतून. पखालवाला भल्या पहाटे येतो. ओल्या चामड्याचा वास, बैलाच्या गळ्यातली घंटा, हंड्यात पडणाऱ्या धारेचा आवाज. एक दिवस तो आला नाही तर तुमचा चहा नाही, आंघोळ नाही, बागेतला गुलाब नाही. न्हाणीघरामागच्या दारानं आणखी एक माणूस येतो, मैला उचलायला. साहेब लोक आपल्या पत्रांत हवेबद्दल पानंच्या पानं लिहितात, त्याच्याबद्दल ओळही लिहीत नाहीत. तुम्ही निदान त्याच्याकडे मान वर करून बघा. त्याची जात त्याला समोरच्या दारानं येऊ देत नाही आणि साहेबाच्या राज्यातही ते दार त्याला उघडलेलं नाही.

दुपारी टेबललँडवर जा. काळा घोडा मागा, तो शांत आहे. वर पोचलात की जमीन एकदम सपाट होते, जांभ्याचं विस्तीर्ण पठार, कडेला नुसती हवा. घोडा आपोआप पळू लागतो. साहेबाच्या जुन्या फुप्फुसांत वारा घुसतो, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा हे शरीर कण्हत नाही. मला विचाराल तर या जागेचा सगळा मोह या एका दौडीत आहे. नंतर सिडनी पॉइंटवरून खाली बघा. धोम धरणाचं निळं पाणी शोधू नका, ते अजून व्हायचंय. खाली कृष्णा आहे, सुताएवढी, दोन्ही काठांना शेतांचे तुकडे. पलीकडे पांडवगड, आणि दूरवर मांढरदेवीचा डोंगर. गुरं वळणारा एक पोरगा तुमच्याजवळ येऊन उभा राहतो. तुमच्या बंगल्याच्या नव्या कुंपणाकडे बोट दाखवून म्हणतो, "पल्याड आमची गुरं चरायची." ओरडत नाही, नुसतं सांगतो. त्याला उत्तर द्यायला तुमच्याजवळ शब्द आहेत, पण साहेबाच्या तोंडातून मोडकीतोडकी हिंदुस्तानीच निघते.

जूनचा पहिला पाऊस रात्री येतो. कौलांवर आधी चार थेंब, मग सगळं एकदम. सकाळी ट्रंकेतले बूट हिरवे झालेले, पुस्तकांच्या कडा फुगलेल्या, मीठ ओलं, काडी पेटत नाही. खिडकीबाहेर हातभर अंतरावरचं दिसत नाही. डॉक्टर लांब आहे आणि घाट निसरडा. क्विनाइनची बाटली, कोरडं सरपण, कोळसा, तेल, डाळतांदूळ आणि गव्हाचं पीठ, हे सगळं मे महिन्यातच भरून ठेवलंय ना? ठेवलंय. बटलरनं, तुम्हाला न विचारता.

आज महिन्याची पहिली तारीख. व्हरांड्यात टेबल मांडलंय, पेन्शनीचे रुपये थप्पी लावून ठेवलेत. ओल्या घोंगड्यांचा उग्र वास पसरलाय, इरली भिंतीला टेकवून रांग लागलीय. बटलर, माळी, मोतद्दार, पखालवाला. परटाची पाळी येते. तो पैसे उचलत नाही.

"सायेब, पावसात कापडं वाळत न्हाईत. निखाऱ्यावर वाळवाय लागत्यात. कोळशाचं वरचं पैसं द्यावं लागत्याल."

मागून मोतद्दार पुटपुटतो, "दिल का रं?" माळी म्हणतो, "ह्यो देईल. ह्याला आपलं बोलणं कळतंय, म्या बघितलंय."

साहेबाचा हात थप्पीकडे न्या. दोन रुपये जास्तीचे काढा, परटाच्या ओल्या हातावर ठेवा आणि पुढच्याला बोलवा. रांग अजून पायऱ्यांपर्यंत आहे आणि पाऊस वाढतोय.