ताऱ्यांची प्रत आणि रिक्त रकाना

ताऱ्यांची तेजस्विता ‘प्रती’ने सांगण्याचा प्रघात ग्रीक परंपरेतला होय. टॉलेमीच्या दुसऱ्या शतकातील सूचीत अतिशय ठळक ताऱ्यांस पहिली, तर जेमतेम दिसणाऱ्यांस सहावी प्रत दिलेली आहे. भारतीय सिद्धान्तग्रंथांत योगताऱ्यांचे ध्रुवक व विक्षेप अंकांनी येतात; तेजाला मात्र अंक नाही. काही नक्षत्रांत जो ‘स्थूल’ तो योगतारा, एवढेच सूर्यसिद्धान्त सांगतो. पुढे मद्रास वेधशाळेचा प्रमुख झालेल्या नॉर्मन पॉगसन याने १८५६ मध्ये पाच प्रतींचे अंतर म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक, असे प्रमाण सुचविले. तेव्हापासून प्रत ही मोजण्याची राशी ठरली.

ही राशी संगणकाने वाचावयाची म्हटली की प्रश्न अर्थाचा होतो. येल येथील तेजस्वी ताऱ्यांच्या सूचीत ९११० नोंदी आहेत. प्रत्येक नोंद एका ओळीत असून तिच्या १०३ ते १०७ या स्थानांवर दृश्य प्रत असते. नाशिकहून हिवाळ्यात दिसणाऱ्या व्याधापुढे तेथे उणे १.४६, तर अभिजितापुढे ०.०३ असा अंक आहे. अंकाचा अर्थ येथे केवळ स्थानावरून ठरतो.

या सूचीतील १४ नोंदी ताऱ्यांच्या नाहीतच. त्या नवतारे, तारकागुच्छ इत्यादींच्या आहेत. जुने क्रमांक ढळू नयेत म्हणून त्या ठेवल्या, परंतु त्यांचे रकाने रिक्त सोडले. फोर्ट्रानसारख्या भाषेत रिक्त रकाना वाचल्यास शून्य हाती येते. शून्य प्रत म्हणजे अभिजिताएवढे तेज! जेथे नोंदच नाही, तेथे आकाशातील एक अत्यंत तेजस्वी तारा उभा राहतो. अभाव आणि शून्य यांतील हा भेद वैयाकरणांस अपरिचित नाही. पाणिनीय शास्त्रात लोप पावलेला वर्ण दिसत नाही, तरी त्याच्या स्थानाची दखल घ्यावी लागते.

सूचीचा अर्थ पूर्वी वेगळ्या टिपणात असे. २००२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘व्हीओटेबल’ या आंतरराष्ट्रीय मांडणीने तो तक्त्यातच आणला. रकान्याचे नाव, एकक, अंकाचा प्रकार आणि अभावाची खूण हे सर्व आरंभीच सांगण्याची सोय तीत आहे. ही मांडणी वाचणारी संगणक-आज्ञावली व तीवरून आलेख काढणारे ‘व्हीओप्लॉट’ पुण्यात आयुका व पर्सिस्टंट सिस्टिम्स यांच्या सहकार्याने तयार झाले. सूचीचा जो अर्थ वाचकाच्या जाणकारीवर सोपविलेला होता, तो अशा रीतीने संहितेचाच भाग झाला. तथापि जुन्या सूची आजही वापरात आहेत. त्या वाचणाऱ्यास रिक्त रकान्याचे व्याकरण स्वतःच लिहावे लागते.