प्रोपेलर शाफ्टचे कोन (उंची वाढवलेली वाहने)

मोटारवाहनात ट्रान्सफर केसकडून ॲक्सलकडे शक्ती नेणारा फिरता दांडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना जोडलेले दंड यांच्यातील कोनांना प्रोपेलर शाफ्टचे कोन म्हणतात. आडवाटेसाठी जीपसारख्या वाहनाची उंची वाढवली की हे कोन बदलतात व ते पुन्हा जुळवावे लागतात. न जुळवल्यास गाडी ठरावीक वेगाला थरथरते आणि सांधे लवकर झिजतात. मागील शाफ्टचा पुढचा सांधा तुटून त्याचे टोक धावत्या गाडीखाली रस्त्यात रुतणे, हा यातील सर्वांत घातक प्रकार होय.

== कार्यतत्त्व ==
शाफ्टच्या टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो. गॅरेजमध्ये त्याला नुसते 'क्रॉस' म्हणतात. इटालियन गणिती कार्दानो याच्या नावावरून तो कार्डन सांधा म्हणूनही ओळखला जातो. कोनात फिरताना हा सांधा गती एकसारखी पुढे देत नाही. येणारा दंड स्थिर गतीने फिरत असला, तरी जाणाऱ्या दंडाची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते व दोनदा घटते. कोन १५ अंश असेल, तर मिनिटाला १,००० फेऱ्यांची गती पुढे ९६६ ते १,०३५ यांच्या दरम्यान हेलकावत राहते.

दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा दोष भरून काढतो. त्यासाठी दोन्ही कोन समान आणि शाफ्टचे दोन्ही योक एकाच प्रतलात असावे लागतात. सामान्यतः ट्रान्सफर केसचा दंड व ॲक्सलचा पिनियन परस्परांना समांतर ठेवून हे साधले जाते. तथापि मधला शाफ्ट स्वतः हेलकावतच राहतो. म्हणून समान असले तरी मोठे कोन चालत नाहीत. वेगाने धावणाऱ्या गाडीत ते सुमारे ३ अंशांच्या आत असणे इष्ट मानतात. शून्य कोनही हितावह नाही, कारण मग क्रॉसमधील बारीक रोलर जागच्या जागी राहून पृष्ठभागावर खाचा पाडतात.

== उंची वाढवल्याचा परिणाम ==
शाफ्ट जितका आखूड, तितका फरक मोठा. ७५ मिमी उंची वाढल्यास १,२०० मिमी लांबीच्या शाफ्टचा कल सुमारे ३.६ अंशांनी, तर ७०० मिमीच्या शाफ्टचा सुमारे ६.२ अंशांनी वाढतो. महिंद्र अँड महिंद्रने भारतात बनवलेल्या विलिस सीजे-३बी जीपच्या चाकांतील अंतर अवघे २,०३२ मिमी (८० इंच) होते, त्यामुळे अशा जुन्या जीपमध्ये हा प्रश्न तीव्र होतो. मागच्या पाट्यांचे मागील शॅकल लांब केल्यास पाटा तिरका होऊन पिनियनचे तोंड वर उचलले जाते व समांतरता मोडते. शिवाय शाफ्ट ताणला जाऊन स्लिप योकमधील दात कमी गुंततात.

== जुळवणी ==
मोजमाप गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर पूर्ण भार देऊन घ्यावे. जॅकवर उचललेल्या गाडीत ॲक्सल लोंबत असल्याने आकडे फसवे येतात. पाटा व ॲक्सल यांमध्ये लोखंडी पाचर घालून पिनियन फिरवता येतो. ट्रान्सफर केस खाली घेणे हा स्वस्त मार्ग. पण मिळवलेल्या उंचीचा काही भाग गाडीच्या मधोमध त्यामुळे परत जातो. ट्रान्सफर केसच्या बाजूला दुहेरी कार्डन सांधा बसवल्यास नियम बदलतो: पिनियन समांतर न ठेवता शाफ्टच्या रोखाने, किंचित खाली ठेवतात, कारण जोर लागताच तो वर उचलला जातो. पुढच्या ॲक्सलला मात्र पाचर जपून वापरावी. तेथे पिनियन वर फिरवल्यास कॅस्टर कोन घटतो आणि स्टिअरिंग सरळ राहत नाही.

== धाराशिव जिल्ह्यातील संदर्भ ==
बालाघाटच्या डोंगररांगांतील या जिल्ह्यात हेच तत्त्व शेतकऱ्यांना ट्रॅक्टरमुळे परिचित आहे. चालू रोटाव्हेटर बांधाशी उचलला की पीटीओ शाफ्टचा क्रॉस खडखडतो. त्याचे कारण वाढलेला कोन. ट्रॅक्टरवर यंत्र खाली टेकवून किंवा पीटीओ थांबवून सुटका होते, उंच केलेल्या जीपमध्ये तो कोन कायमचा असतो.

== कायदा ==
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. एमएच-२५ मालिकेत नोंदलेल्या धाराशिवच्या वाहनांनाही हा नियम लागू आहे.