हळद जुनी आहे, पण म्हणून ती प्रत्येक जखमेचे औषध आहे का?

भाजी चिरताना बोट कापले की आपल्याकडे आधी हळदीचा डबा उघडला जातो. ही सवय फार जुनी आहे. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांमध्ये हळद ‘हरिद्रा’ या नावाने येते. तिचा इतिहास थोडा माहीत असला, तर ती कुठे वापरायची आणि कुठे थांबायचे हे ठरवणे तुम्हाला सोपे जाईल.

शेतातली हळद

हळद बियांपासून लावत नाहीत. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कंदच बेणे म्हणून राखून ठेवला, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. महाराष्ट्रात अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागवड सुरू होते आणि आठ-नऊ महिन्यांनी पाने वाळली की काढणी होते. ओली हळद शिजवतात, उन्हात वाळवतात आणि ड्रममध्ये घोळवून पॉलिश करतात. सांगलीजवळच्या हरिपूरला ती जमिनीखालच्या पेवांमध्ये साठवण्याची पद्धत होती. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

पेटंटचा वाद

१९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘जखम भरण्यासाठी हळदीचा वापर’ यावर पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) त्याला आव्हान दिले. तेव्हा परिषदेचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर होते. परिषदेने जुने संस्कृत, हिंदी, उर्दू संदर्भ आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही पुरावा म्हणून दिला. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

या निकालाचा अर्थ मात्र नीट समजून घ्या. हा उपयोग नवीन नाही, एवढेच तिथे ठरले. हळदीने प्रत्येक जखम बरी होते, असे ठरले नाही. ‘जुने’ आणि ‘सिद्ध झालेले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

• किरकोळ कापले तर आधी स्वच्छ वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. खोल, मातीने भरलेल्या किंवा गंजलेल्या वस्तूने झालेल्या जखमेत हळद भरू नका. अशा वेळी धनुर्वाताचे इंजेक्शन लागते का, ते डॉक्टरांना विचारा.

• मधुमेह असेल तर पायाची लहान जखमही त्याच दिवशी दाखवा. पायाची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे दुखत नाही. वर हळदीचा थर बसला की पू किंवा काळी पडलेली त्वचा दिसत नाही आणि उपचाराला उशीर होतो. काही वेळा त्यात बोट किंवा पाय गमवावा लागतो.

• हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्केच असते आणि ते रक्तात फार कमी शोषले जाते. म्हणून गोळ्यांमध्ये त्याचे प्रमाण खूप वाढवतात, बऱ्याचदा मिरीचा अर्कही घालतात. अशा गोळ्यांनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील तर विचारल्याशिवाय त्या घेऊ नका. आमटी-भाजीतल्या हळदीला ही भीती नाही.

• फार भडक पिवळी हळद चांगलीच असते असे नाही. रंग खुलवण्यासाठी पॉलिश करताना लेड क्रोमेट वापरल्याचे बांगलादेशात २०१९ मध्ये उघड झाले. त्यातले शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते, आणि ते रंगावरून किंवा वासावरून ओळखू येत नाही. सुटी, अनोळखी पूड टाळा. परवाना क्रमांक असलेले पाकीट घ्या किंवा खात्रीच्या ठिकाणची हळकुंडे आणून दळून घ्या.

रोजच्या स्वयंपाकात हळद खुशाल वापरा. जखम मात्र दोन दिवसांत सुकायला लागली नाही, लाल झाली, सुजली किंवा ताप आला, तर हळदीचा डबा बंद करून दवाखान्यात या.