पाटेकर, विश्वनाथ ऊर्फ नाना

(१ जानेवारी १९५१ – ). मराठी रंगभूमीवरील व मराठी-हिंदी चित्रपटांतील अभिनेते, एका चित्रपटाचे दिग्दर्शक, प्रादेशिक सेनेतील अधिकारी आणि ‘नाम फाउंडेशन’ या संस्थेचे सहसंस्थापक. जन्म मुरूड-जंजिरा (तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड जिल्हा) येथे. घरची परिस्थिती खालावल्यामुळे शाळकरी वयातच कामाला लागले. सिनेमाची पोस्टरे रंगवणे, रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी पांढरे पट्टे मारणे अशी कामे त्यांनी केली. शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत. काही काळ जाहिरात व्यवसायात.

नाटकांपैकी जयवंत दळवी यांच्या ‘पुरुष’मधील गुलाबराव ही भूमिका विशेष गाजली. चित्रपटात प्रवेश मुझफ्फर अली यांच्या ‘गमन’मधून (१९७८). दिग्दर्शक जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’मध्येही (१९७९) छोटी भूमिका केली. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर बेतलेला ‘माफीचा साक्षीदार’ (१९८६), ‘अंकुश’ (१९८६) आणि ‘परिंदा’ (१९८९) यांमुळे त्यांचे नाव झाले. पुढील कारकीर्द सर्वपरिचित असल्याने येथे तिचा विस्तार केलेला नाही.

लष्करी सेवा : प्रादेशिक सेना हे भारतीय लष्कराचे अर्धवेळ अंग असून त्याची स्थापना ९ ऑक्टोबर १९४९ रोजी झाली. आपला नोकरी-व्यवसाय सांभाळून वर्षातील ठरावीक काळ प्रशिक्षण घ्यावे आणि गरज पडेल तेव्हा गणवेश चढवावा, अशी तिची रचना. कपिल देव (२००८), मोहनलाल (२००९) आणि महेंद्रसिंग धोनी (२०११) यांना या सेनेत मानद हुद्दे मिळाले, तेव्हा नामवंतांना गणवेश देण्याची प्रथा नवी असल्यासारखी चर्चा झाली. पाटेकर त्याआधी जवळजवळ दोन दशके या सेनेत दाखल झालेले होते.

निमित्त ‘प्रहार’ (१९९१) या चित्रपटाचे. कमांडो प्रशिक्षकाची भूमिका करायची तर आधी प्रशिक्षण घ्यायचे, असे ठरवून ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांबरोबर राहिले. चित्रीकरणाचा मोठा भाग बेळगावच्या कमांडो प्रशिक्षण केंद्रात झाला. पुढे लष्करप्रमुख झालेले व्ही. के. सिंग हे तेथील अधिकारी म्हणून एका दृश्यात क्षणभर दिसतात. दोर, खंदक, चिखल, भल्या पहाटेची धाव हे सारे खऱ्या केंद्रातले असल्याने चित्रपटाच्या पूर्वार्धाला जवळपास माहितीपटाचे मोल आले आहे. कथानकातला मेजर चव्हाण आपल्या जायबंदी होऊन निवृत्त झालेल्या शिष्याच्या लग्नाला मुंबईत येतो आणि त्याला कळते, की हप्ता द्यायला नकार दिला म्हणून गल्लीतल्या गुंडांनी शिष्याचा जीव घेतला आहे. गल्ली मात्र मुकाट आहे. डिंपल कपाडिया आणि माधुरी दीक्षित या चित्रपटात रंगभूषेविना वावरल्या. सीमेवरचा शत्रू आणि नाक्यावरचा गुंड यांना एकाच मापाने मोजणारा मेजर अखेर कायदा हातात घेतो. हा उपाय प्रेक्षकाने मान्य करावा की नाही, हे चित्रपट पूर्णपणे सांगत नाही. हिंदीत लष्करावर निघालेल्या चित्रपटांत प्रशिक्षणाचे इतके नेमके चित्रण क्वचितच आढळते, आणि या नोंदीत त्याला अधिक जागा देण्याचे कारण तेच.

१९९९ च्या कारगिल संघर्षात, वयाच्या ४८ व्या वर्षी, पाटेकर पुन्हा गणवेशात गेले. तत्कालीन संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे आपण स्वतः आग्रह धरला, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. द्रास, कुपवाडा, बारामुल्ला आदी ठिकाणी ते वावरले. या काळाचा तपशील मुख्यतः त्यांच्याच मुलाखतींतून आलेला आहे. गेलो तेव्हा वजन ७६ किलो होते, सुमारे दोन महिन्यांनी परतलो तेव्हा ५६, हा आकडाही तिथलाच. प्रादेशिक सेनेत त्यांना मिळालेला हुद्दा कॅप्टनचा. वृत्तपत्रांत मात्र कधी मेजर, तर कधी मानद लेफ्टनंट कर्नल असा उल्लेख आढळतो. रायफल नेमबाजी हा त्यांचा आवडता खेळ.

पोलिसी भूमिका : पाटेकर पोलीस खात्यात कधीच नव्हते. तरीही अनेक प्रेक्षकांच्या मनात त्यांची प्रतिमा खाकी वर्दीतली आहे. ‘तिरंगा’मधील (१९९३) इन्स्पेक्टर शिवाजीराव वागळे ही त्यांतली सर्वांत लोकप्रिय भूमिका. या चित्रपटातली एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. त्यात ब्रिगेडियर झालेले राजकुमार हे सिनेमात येण्यापूर्वी मुंबई पोलिसांत प्रत्यक्ष उपनिरीक्षक होते, आणि प्रत्यक्षात लष्कराचा गणवेश मिळालेले पाटेकर पडद्यावर पोलीस झाले होते. शिमित अमीन दिग्दर्शित ‘अब तक छप्पन’मधील (२००४) साधू आगाशे हा चकमकफेम अधिकारी वेगळ्याच जातीचा. आवाज न चढवता, घरी बायकोशी बोलावे तितक्याच सहज तो माणसे मारण्याविषयी बोलतो. नव्वदच्या दशकातील मुंबईच्या पोलीस चकमकींवर निघालेल्या चित्रपटांत ही भूमिका आजही प्रमाण मानली जाते. राम गोपाल वर्मा यांच्या ‘द अटॅक्स ऑफ २६/११’मध्ये (२०१३) त्यांनी मुंबईचे तत्कालीन सहआयुक्त राकेश मारिया साकारले. मराठीत ‘आपला मानूस’ (२०१८) हा चित्रपट विवेक बेळे यांच्या ‘काटकोन त्रिकोण’ या नाटकावर आधारित असून त्यात ते तपास अधिकारी मारुती नागरगोजे आहेत.

इतर उल्लेखनीय चित्रपट : ‘क्रांतिवीर’, ‘खामोशी’, ‘अपहरण’, ‘देऊळ’, ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’, ‘नटसम्राट’.

समाजकार्य : २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षे पावसाने ओढ दिल्याने मराठवाडा, सोलापूर आणि विदर्भाच्या काही भागांत शेतकरी आत्महत्यांचे प्रमाण वाढले. अभिनेते मकरंद अनासपुरे यांच्यासह पाटेकर यांनी २०१५ च्या उन्हाळ्यानंतर आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांना भेटी देऊन प्रत्येकी १५,००० रुपयांचे धनादेश दिले. त्यास प्रतिसाद म्हणून लोकांकडून मदतीचा ओघ सुरू झाला. हे पैसे कोणा एका व्यक्तीच्या नावे घेणे योग्य नव्हे, म्हणून सप्टेंबर २०१५ मध्ये ‘नाम फाउंडेशन’ स्थापन झाले. मुख्य कार्यालय पुणे येथे. दुष्काळाची तीव्रता किती होती, हे सांगायला एक गोष्ट पुरेशी आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. ती पाण्याची गाडी सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या मार्गाने जात असे, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंची गावे स्वतःच टँकरची वाट पाहत होती.

आरंभी विधवांना रोख साहाय्य आणि शिलाई यंत्रे असे काम होते. लवकरच भर जलसंधारणाकडे वळला. कामाची पद्धत साधी आहे. संस्था पोकलेन किंवा जेसीबी देते, डिझेलची सोय शासन अथवा गाव करते, आणि निघालेला गाळ शेतकरी आपल्या ट्रॅक्टरने आपल्याच खर्चाने शेतात नेऊन पसरतो. धनादेशापेक्षा हे काम गावाला अधिक उपयोगी पडले, असे म्हणता येईल. यंत्र येते तेव्हा गावाला एकत्र बसून ठरवावे लागते, की आधी कोणता नाला घ्यायचा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या २०१७ च्या शासकीय योजनेतही स्वयंसेवी संस्थांच्या सहभागाची हीच पद्धत राहिली. नाले वाजवीपेक्षा खोल खणल्याने भूजलाचे नैसर्गिक थर बिघडतात, असा आक्षेप काही जलतज्ज्ञांनी घेतला. तो प्रामुख्याने शासनाच्या जलयुक्त शिवार अभियानाला उद्देशून होता.

संस्थेच्या कामाला पुढे लष्कराचीही जोड मिळाली. ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी पाकिस्तानी माऱ्यात नुकसान झालेल्या राजौरी व पूंछ भागांतील कुटुंबांना २०२५ मध्ये लष्कराच्या सहकार्याने मदत देण्यात आली, त्या वेळी पाटेकर स्वतः तेथे गेले होते. हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पाशी व आमटे कुटुंबाशी त्यांचा जुना स्नेह आहे.

२००८ मधील एका चित्रीकरणासंदर्भात एका अभिनेत्रीने २०१८ मध्ये त्यांच्यावर गैरवर्तनाचा आरोप केला. पाटेकर यांनी तो नाकारला. पोलिसांनी २०१९ मध्ये पुरावा न मिळाल्याचा अहवाल दिला, तक्रारदाराने त्यास हरकत घेतली, आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने मुदतीच्या कारणास्तव तक्रारीची दखल घेण्यास नकार दिला.

कौटुंबिक : पत्नी नीलकांती (अभिनेत्री), मुलगा मल्हार.

सन्मान : राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार – ‘परिंदा’ व ‘अग्निसाक्षी’ (सहाय्यक अभिनेता), ‘क्रांतिवीर’ (सर्वोत्कृष्ट अभिनेता), पद्मश्री (२०१३). दिग्दर्शक म्हणून ‘प्रहार’ हा त्यांचा आजवरचा एकमेव चित्रपट होय.