वेठ आणि स्वयंसेवा : मांडवामागचा इतिहास

दलित संमेलनांचा इतिहास आजवर व्यासपीठावरून लिहिला गेला. अध्यक्ष कोण होते, उद्घाटन कोणी केले, ठराव कोणते झाले, याच्या नोंदी आपल्याजवळ आहेत. मांडव कोणी घातला, पाणी कोणी भरले, भाकरी कोणी थापल्या आणि दुसऱ्या दिवशी पत्रावळी कोणी उचलल्या, याच्या नोंदी जवळजवळ नाहीत. या लेखात मी मांडवामागे उभा राहून त्या इतिहासाकडे पाहू इच्छितो. आपल्या लहानमोठ्या सांस्कृतिक मेळाव्यांचे वेगळेपण केवळ तेथे वाचलेल्या कवितेत नाही. बिनमोबदला श्रमाचा अर्थच तेथे बदलला, हेही त्या वेगळेपणाचे मर्म आहे असे माझे मत आहे.

बिनमोबदला श्रम आपल्या समाजाला नवे नव्हते. गावची जत्रा, पाटलाच्या घरचे लग्न, होळी, पोळा यांपैकी एकही उत्सव गावकुसाबाहेरच्या माणसाच्या कष्टांवाचून पार पडत नसे. महाराने सरपण फोडायचे, सांगावा पोचवायचा, मेलेले जनावर ओढायचे. मांगाने दोर वळायचे, हलगी वाजवायची. त्या बदल्यात बलुते आणि शिळेपाके. तमाशाच्या फडावर महार-मांग-कोल्हाट्यांची कला हवी असे. तो गळा आणि ते पाऊल गावाला चालत असे, पण खेळ संपला की तोच कलावंत पुन्हा अस्पृश्य. उत्सव गावाचा आणि राबणूक आमची, अशी ही वाटणी होती.

या राबणुकीला कायद्याचाही आधार होता. १८७४ च्या वतन कायद्याखाली महार वतनदाराला सरकारी कामासाठी केव्हाही बोलावता येई आणि तो हजर नसेल तर त्याच्या घरातील दुसऱ्या माणसाला कामाला लावता येई. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन विधेयक मांडताना बाबासाहेबांनी नेमके हेच दुखणे पुढे ठेवले होते. वतनाची जमीन म्हणजे मोबदला नव्हे, ती गुलामीची साखळी आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

शहरात वतन नव्हते, पण उत्सवाची वाटणी होतीच. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांनाही पूजेचा हक्क हवा, अशी मागणी प्रबोधनकार ठाकरे यांनी केली. बाबासाहेब आंबेडकर आणि रावबहादूर बोले यांचा तिला पाठिंबा होता. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ काय, एवढाच साधा प्रश्न होता. बऱ्याच वादानंतर तडजोड निघाली. अस्पृश्याने फुले पुजाऱ्याच्या हाती द्यावी आणि पुजाऱ्याने ती मूर्तीला वाहावी. म्हणजे फूल आत गेले, हात बाहेरच राहिला! समावेशाच्या नावाखाली आजही जे घडते त्याचे हे अचूक चित्र आहे. वर्गणी चालते, श्रम चालतात, टाळ्याही चालतात. निर्णय घेणारा हात मात्र पुजाऱ्याचाच असतो.

या पार्श्वभूमीवर महाडकडे पाहिले पाहिजे. १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद चवदार तळ्यावरील सत्याग्रहासाठी आपल्याला आठवते, आणि ते योग्यच आहे. पण परिषदेला आलेल्या हजारो माणसांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते, ही बारीकशी नोंद मला फार बोलकी वाटते. गावात तळे होते आणि परिषदेच्या चालकांना पाण्याचा हिशेब ठेवावा लागत होता. तळ्यावरून परतलेल्या लोकांवर सवर्ण जमावाने हल्ला केला तोही मांडवात शिरून. त्यांचे अन्न मातीत मिसळले, भांडी फोडली. हल्लेखोरांना नेमके कळले होते की हा मांडव आणि ही पंगत या लोकांनी स्वतःच्या बळावर उभी केली आहे, आणि त्यांच्या दृष्टीने अपराध तोच आहे.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सत्याग्रह परिषद भरली तेव्हा महाडमधील हिंदू जागा देईनात. फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. शिधासामग्री बाहेरून आणावी लागली. बंदोबस्ताला शिस्तीचे, सैन्यातून निवृत्त झालेले लोक होते. याच काळात समता सैनिक दल आकाराला येत होते. काल जो माणूस पाटलाच्या हाकेसरशी धावत होता, तोच आज स्वतःच्या परिषदेच्या दारात काठी घेऊन उभा होता. काठी तीच, हातही तोच. पण येसकराची काठी गावाच्या हुकमाची होती आणि सैनिकाची काठी स्वतःच्या निश्चयाची. वेठ आणि स्वयंसेवा यांत कष्टांचा फरक नसतो, ‘नाही’ म्हणण्याच्या अधिकाराचा फरक असतो. ज्याला नकार देता येतो त्याच्याच होकाराला किंमत असते.

पुढे हा होकार कलेतही उतरला. सत्यशोधक जलशांची परंपरा पाठीशी होतीच. १९३० नंतरच्या काळात नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या जलसाकारांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. हे कलावंत बिदागीसाठी पाटलाच्या दारात उभे राहणारे नव्हते. पोटाची कामे सांभाळून ते गात होते, आणि ढोलकी-डफाच्या तालावर शिक्षण, पाणी, मंदिर, वतन यांचे प्रश्न मांडत होते. वाद्ये तमाशाचीच होती, मालक बदलला होता. प्रेक्षकही बदलला होता. कंदील आणणारा, सतरंजी अंथरणारा, मुक्कामाला घर देणारा तोच समोर बसून ऐकत होता. १९२८ साली पुण्यात जनार्दन रणपिसे यांनी आंबेडकर जयंतीचा सार्वजनिक उत्सव सुरू केला. वस्तीच्या वर्गणीतून चालणाऱ्या असंख्य जयंत्यांनी हीच रीत पुढे नेली. आपल्या साहित्य संमेलनाचे मूळ शोधायचे तर ते शारदोत्सवात शोधू नये, येथे शोधावे.

म्हणूनच मार्च १९५८ मध्ये पहिले दलित साहित्य संमेलन मुंबईत नायगावच्या बंगाली हायस्कूलमध्ये भरले, तेव्हा ते एका शाळेत भरले याचे मला नवल वाटत नाही. बंधुमाधव अध्यक्ष होते आणि उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. मांग समाजात जन्मलेला, शाळा न लाभलेला, गिरणी कामगारांत वावरलेला लेखक उद्घाटक असणे ही केवळ सन्मानाची बाब नव्हती. आपला मांडव एका जातीपुरता नाही, असे त्या संमेलनाने कृतीने सांगितले. पुढे ‘अस्मितादर्श’च्या मेळाव्यांनी तर नावातच लेखक आणि वाचक यांना एका ओळीत बसवले. १९९९ साली धारावीत बाबूराव बागूल यांच्या अध्यक्षतेखाली पहिले विद्रोही साहित्य संमेलन भरले. एक मूठ धान्य आणि एक रुपया, ही विद्रोही संमेलनांची हाकही याच परंपरेतील आहे. रुपयाने खर्च किती भागतो हा प्रश्न गौण आहे. ज्याने मूठ दिली तो पाहुणा राहत नाही, यजमान होतो.

एवढा इतिहास मांडल्यावर आपल्याच मांडवाकडे पाठ फिरवून चालणार नाही. मी अनेक वर्षे जयंतीच्या आणि लहान संमेलनांच्या तयारीत राहिलो आहे आणि एक चित्र वारंवार पाहिले आहे. बायका पहाटेपासून चुलीपाशी असतात. परिसंवाद ‘दलित स्त्रीचे प्रश्न’ या विषयावर सुरू होतो, तेव्हा त्या ताटे घासत असतात. वस्तीतील पोरे रात्रभर खांब रोवतात. सकाळी त्यांना बिल्ला मिळतो, खुर्ची मिळत नाही. झाडू हाती घेण्याची पाळी आली की आपल्यातलीही ठरावीक माणसेच पुढे होतात. लोककलावंत स्त्रिया गर्दी जमवण्यासाठी बोलावल्या जातात. त्यांच्या कलेवर बोलण्यासाठी मात्र दुसरेच विद्वान येतात. याला स्वयंसेवा म्हणायचे की घरचीच वेठ?

आणि आपल्या चळवळीत याच्या उलट उदाहरण नाही असेही नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. वीस ते पंचवीस हजार स्त्रिया तेथे जमल्या होत्या. त्या केवळ ऐकायला आल्या नव्हत्या. त्यांनी स्वतः ठराव मांडले, संमत केले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे चुलीपाशी, मोर्चात आणि सभेत राबलेल्या या बायांची नावे इतिहासाच्या पानावर आली. मधल्या काळात त्या कोठे होत्या? त्या मांडवामागेच होत्या. तिकडे पाहणारे कोणी नव्हते.

कार्यकर्त्या मित्रांपुढे मी काही साध्या गोष्टी ठेवतो. कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीत स्वयंपाक करणाऱ्या, मांडव घालणाऱ्या आणि सफाई करणाऱ्यांचे प्रतिनिधी असावेत. झाडू आणि ध्वनिक्षेपक यांची पाळी सर्वांवर यावी, प्राध्यापकांवरही. परिसंवादाच्या वेळी चूल बंद असावी. जेवण तासभर उशिरा झाले तर साहित्याचे काही बिघडत नाही. हिशेब भर मांडवात वाचून दाखवावा. आणि अहवालात अध्यक्षीय भाषणाबरोबर राबणाऱ्यांची नावे पूर्ण छापावीत, ‘इतर कार्यकर्ते’ या दोन शब्दांत त्यांना गाडू नये.

यावर कोणी म्हणेल, एवढ्या लहान मेळाव्यात हा काथ्याकूट कशासाठी? मला वाटते, लहान मेळाव्यातच तो शक्य आहे. मोठ्या संमेलनाला अनुदान असते, कंत्राटदार असतो. तेथे श्रम विकत घेतले जातात आणि प्रश्न दडतो. आपल्याजवळ माणसांच्या होकाराखेरीज भांडवल नाही. तो होकार गृहीत धरला की स्वयंसेवक पुन्हा वेठबिगार होतो, आणि वेठीचा इतिहास आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही.